कामाचा वास

आश्विन लागला की पहाटे पायाशी पडलेली चादर अंगावर ओढावी लागते, आणि दुपारी तीच चादर गच्चीवर वाळत घालताना पाय भाजतात. नागपूरचा हा महिना असाच आहे, धड इकडचा नाही आणि धड तिकडचा नाही. कपाशीला मात्र तो मानवतो. आता मी मुलाकडे शहरात, महाल भागात राहते. दारासमोर नाली, नालीपलीकडे दुसऱ्याचं दार, आणि गल्लीतून दिवसभर स्कूटरी. कपाशीचं झाड शोधून सापडायचं नाही. तरी या दिवसांत डोळे उघडले की माझा हात आधी पदराकडे जातो, पाखरू बसलं आहे का बघायला. नसतंच. मग उठते आणि चहा ठेवते.

परवा कुंडीत लावायला मेथीचं बी हवं होतं म्हणून बियाण्याच्या दुकानात गेले. तिथे वर दोरीला पिवळ्या प्लास्टिकचं नरसाळं टांगलेलं होतं, खाली लांब पिशवी. मी मान वर करून बघत राहिले.

दुकानदार म्हणाला, "आजी, तो ट्रॅप आहे, शेतातला. तुमच्या कामाचा नाही."

"कामगंध सापळा आहे तो," मी म्हटलं.

त्याला हसू आलं. "आता तसं कोणी म्हणत नाही आजी. फेरोमोन ट्रॅप म्हणतात."

बरं झालं म्हणत नाहीत ते. त्या जुन्या शब्दानं आमच्या घरातल्या एका बाईचं जेवण कडू करून ठेवलं होतं.

आमचं गाव हिंगण्याच्या पुढे. काळी जमीन, ओली झाली की चप्पल गिळते. मी चौथी शिकलेली, म्हणून घरात वाचायचं काही आलं की माझ्या हातात यायचं, औषधाच्या डब्यावरचा कागदसुद्धा. पोळा झाला की कपाशी कमरेला लागायची. फूल उमलतं तेव्हा पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग गळून जातं आणि मागे बोंड राहतं. पण काही कळ्या उमलतच नाहीत. आतल्या अळीनं पाकळ्यांना आतून टाके घातलेले असतात. वरून कळी चांगली टपोरी दिसते आणि मिटलेलीच राहते. तिला डोमकळी म्हणतात. ती शोधायची, तोडायची आणि अळीसकट चिरडायची, हे बायकांचं काम. अळी सुंदर असते, हे म्हणायला हवं. अशा गुलाबी रंगाचं लुगडं मला कधी मिळालं नाही.

अळी वाढली की फवारणी. तो वास मला अजून कुठेही ओळखता येईल, कुजलेल्या लसणासारखा. माझ्या मालकांच्या बनियनातून तो धुऊन जात नसे. एका वर्षी ते फवारता फवारता धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले आणि ओकू लागले. तोंडाला फेस, घामानं अंग भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. बैलगाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. वाचले. घरी आले आणि बरं वाटू लागताच पुन्हा पंप पाठीवर घेतला. मी काही बोलले नाही. बोलून अळी थांबत नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी उन्हाळ्यात माझी नणंद वच्छला माहेरी परत आली. नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि हिला एका पेटीसकट बसमध्ये बसवून दिलं. ती आली म्हणून मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. ती बोलत नसे. ताट पुढे ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. अशा माणसाबरोबर एका चुलीपुढे बसणं फार जड जातं. त्यापेक्षा भांडखोर नणंद परवडते, निदान दिवस तरी जातो. वच्छला डोमकळीसारखी मिटली होती, असं एखादी लिहील. मी लिहिणार नाही. ती काही फूल नव्हती. चांगली तिशीतली धट्टीकट्टी बाई होती, आणि तिला स्वतःचं म्हणावं असं करायला काही उरलं नव्हतं.

पोळ्यानंतर नागपूरहून कापसाच्या ऑफिसातला एक साहेब आला. नुकता नोकरीला लागलेला असावा, शर्टाच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. मारुतीच्या पारावर माणसं बसली, आम्ही बायका मागे उभ्या. त्यानं पत्र्याची एक चकती दाखवली, तिच्या खाली प्लास्टिकची पिशवी, आणि चकतीखाली लटकलेलं एक लहानसं रबराचं बूच, इंजेक्शनच्या बाटलीला असतं तसं.

"मादी पाखरू जो वास सोडते, तो या रबरात भरला आहे," तो म्हणाला. "त्या वासानं नर येतात आणि पिशवीत पडतात. रोज सकाळी किती पडले ते पाहायचं. जास्त पडायला लागले तरच फवारायचं. उगाच औषध मारायचं नाही."

त्यानं छापील कागद वाटले. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्यानं वाचलं, "कामगंध सापळा."

"म्हणजे कामाचा वास?" आमची शेजारीण गोदा म्हणाली. "नर कामाच्या वासानं येते? मग हे पाखरू आपल्या इकडचं नाही, बाप्पा. आपल्या इकडचे नर तर कामाच्या वासानं पळून जाते."

बायका हसल्या, पारावरचे दोनचार जण खाली बघू लागले. साहेबाचे कान लाल झाले. इतक्या बायकांसमोर त्या शब्दाचा दुसरा अर्थ कसा सांगावा, हे त्याला कोणत्या कॉलेजात शिकवलेलं नसणार. तो म्हणाला, "हो, हो. तसंच समजा." आणि घाईनं पुढचं सांगू लागला. रबराला हात लावायचा नाही, चिमट्यानं धरायचं, पाकीट नीट मिटून ठेवायचं.

रोज पहाटे उठून मेलेली पाखरं कोण मोजणार, यावर माणसांची टाळाटाळ सुरू झाली. एकाची गाय दुभती होती, एकाचे गुडघे दुखत होते. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"मी करतो."

मी वळून पाहिलं. वच्छला होती; आमच्याकडे बायकाही 'करतो'च म्हणतात. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मी विसरले होते.

तेव्हापासून ती उजाडायच्या आत वावरात जाऊ लागली. जुनी रबरं काढायची, नवी लावायची, पिशव्या रिकाम्या करायच्या. चिमट्याचं म्हणाल तर आमच्या घरात चिमटा एकच, आणि तो भाकरी निखाऱ्यावर फिरवायला चुलीशी लागायचा. त्यामुळे ती रबरं हातानंच धरायची आणि पाकिटं कमरेला ओच्यात खोचायची. त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटलं नाही. रबराला नाक लावलं तर कसलाही वास येत नव्हता. मी स्वतः लावून पाहिलं होतं.

परत आली की ती चुलीपुढे बसून सांगायची. "वैनी, वरच्या तुकड्यात आज लई पडले. खालच्यात काहीच नाही." किंवा, "मेलं तरी त्याच्या पंखाची भुकटी बोटाले लागूनच राहते, पाह्य." राखाडी, बोटाच्या पेरावर मावेल एवढं पाखरू. एवढ्याशा जिवासाठी आम्ही डबेच्या डबे विष ओतत होतो. एकदा तिनं आपल्या भावाला सांगितलं, "दादा, या हप्त्यात फवारू नको. पाखरू नाही." त्यांनी पंप गोठ्यातल्या खुंटीला तसाच टांगून ठेवला. त्या हप्त्यात त्यांच्या बनियनाला नुसत्या घामाचा वास आला. मी ते धुताना मुद्दाम नाकाशी धरलं.

आणि एका दुपारी, भाकरीबरोबर भिवापुरी मिरचीचा ठेचा खाता खाता वच्छला म्हणाली, "वैनी, वरणात मीठ कमी आहे."

मी तिच्यापुढे मिठाची वाटी आपटली. पण मनात बरं वाटलं. माणूस मीठ कमी आहे म्हणू लागलं की ते जेवायला लागलं समजावं.

नवरात्रात देवळात कीर्तन होतं. बुवा बाहेरचे होते. त्यांनी षड्रिपू घेतले, आणि त्यातल्या पहिल्याच शत्रूवर, कामावर, ते असे रंगले की लोभ-मोहापर्यंत पोहोचायला मध्यरात्र झाली असती. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कोणीतरी बसल्या बसल्या जोडणी केली. कामगंधातला काम तो हाच. आम्हाला दोन्ही शब्द माहीत होते, एक वावरातला आणि एक देवळातला. दोन्ही एकच आहेत हे तोवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आलं तेव्हा गावाला फार दिवसांनी चघळायला काही मिळालं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर विसरले असते. पण वच्छलेचं धुतलेलं पातळ रात्रभर अंगणातल्या दोरीवर असायचं. पहाटे पाण्याला जाताना गोदानं पाहिलं. शेजारी माझं लुगडं वाळत होतं, त्यावर काही नव्हतं. वच्छलेच्या पातळाभोवती मात्र पाखरं भिरभिरत होती. काही कापडावर बसून पंख थरथरवत गोल गोल फिरत होती.

विहिरीवर पोहोचेपर्यंत तिचं वाक्य तयार झालं होतं. "वच्छीच्या पातळाले नर लागून राहिले वं."

नवऱ्यानं टाकलेली बाई, आणि तिच्या पातळाला नर. यापुढे कोणाला काही जोडावं लागलं नाही. तिचं नाव कामगंधा पडलं. ती पानठेल्यावरून गेली की माणसं खोकायची. आडून आडून विचारायची, "आज किती आले?" नवऱ्यानं हिला का टाकलं ते आता कळलं, असंही एकजण म्हणाला. माझ्या कानावर आलं, म्हणजे तिच्या कानावर आधीच गेलं असणार.

माझी सासू, तिला आम्ही मामी म्हणायचो, बुटकी आणि हट्टी बाई होती. लेक परत आली तेव्हा ती रडली नव्हती, जावयाला शिव्याही दिल्या नव्हत्या. पेटी उचलून आत ठेवली होती. गावातलं बोलणं तिच्यापर्यंत पोहोचलं त्या संध्याकाळी तिनं वच्छलेला एवढंच सांगितलं, "उद्यापासून वावरात जायचं नाही. पाखरं मोजून कोणाचं भलं झालं?"

वच्छलेनं उरलेली रबरं एका डब्यात घालून कणगीमागे ठेवली.

ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. ताट ठेवलं तर जेवायची. सापळ्याच्या पिशव्या वावरात तशाच भरून लोंबत राहिल्या, मोजणारं कोणी नव्हतं. काही कळेना म्हणून माझ्या मालकांनी खुंटीवरचा पंप खाली काढला आणि धुऊन ठेवला. त्या दिवशी मी वरणात मीठ घातलंच नाही, मुद्दाम. सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. वच्छला जेवली, ताट धुतलं आणि उठून गेली.

मग मी मामीकडे गेले. ती तूर निवडत होती.

"मामी, पाखरं पोरीला येत नाहीत. रबराला येतात. ती रबरं ओच्यात खोचते, म्हणून पातळाला लागतं. धुतलं तरी जात नाही. तुमच्या ओच्यात ठेवलं तर तुम्हालाही येतील."

"जीभ लई चालून राहिली तुही," मामी म्हणाली आणि तूर निवडत राहिली.

मी उठून आले. दुपारी तिनं वच्छलेला विचारलेलं मी ऐकलं, "ते बुचं कुठं ठेवले वं?" वच्छलेनं कणगीमागचा डबा दाखवला. मामीनं डबा उघडला, एक रबर काढलं आणि आत गेली. मला वाटलं, चुलीत घालणार. संध्याकाळभर मी रबर जळल्याचा वास घेत होते. आला नाही.

दुसरा दिवस तसाच गेला. कोजागिरी नुकतीच झाली होती. त्याच्या पुढच्या पहाटे मी घागरी घ्यायला गेले तर एक घागर मामीच्या कमरेवर. घरात सून असताना आमच्याकडे सासू पाण्याला जात नसे.

"मामी, मी आणतो ना."

"तू चाल मागून."

विहीर गावाच्या कडेला. तिच्या पलीकडे लगेच कपाशी सुरू व्हायची, चंद्राच्या उजेडात पांढरी फुलं तेवढी दिसत होती. रोजच्या बायका जमल्या होत्या, गोदा रहाटाशी होती. मामीला पाहून ती बाजूला झाली.

"काकी, आज तुम्ही?"

मामीनं घागर खाली ठेवली नाही. वारा कपाशीकडे वाहत होता, त्यात ती नुसती उभी राहिली. मला वाटलं तिला दम लागला. मग तिच्या कमरेशी काहीतरी भिरभिरलं. नंतर आणखी एक. एक तिच्या पदरावर बसलं आणि पंख थरथरवत गोल फिरू लागलं. धुऊन धुऊन विटलेलं ते लुगडं, आत वाळलेल्या शेंगेसारखी म्हातारी, आणि पाखरं तिला सोडायला तयार नाहीत.

घागरी भरायच्या थांबल्या.

"पाह्य वं गोदे," मामी म्हणाली. "मलेही नर लागले. सांग आता गावाले."

"काकी, असं काय बोलता..."

"काहून? वच्छीचं सांगितलं ना? मग माहं काहून नाही सांगत? फक्त आमच्या म्हाताऱ्याच्या कानावर नको घालू. वर सुखानं बसला हाय बिचारा. ऐकून खाली येईन."

आधी एकजण नाकातून हसली. मग दुसरी. मग कोणाच्या तरी हातून दोर सुटला आणि बादली धाडकन विहिरीत गेली. गोदालाही हसू आवरेना, पण मामी हसत नव्हती. तिनं पदराची गाठ सोडली. आत ते रबर होतं. दोन रात्री तिनं ते पदराला बांधून ठेवलं होतं.

"घे," ती गोदाला म्हणाली. "तुह्या पदराले बांध. मग मी रोज पहाटे तुह्या दोरीखाली उभी राहून मोजतो."

गोदानं हात मागे घेतले. "नको काकी."

"नको ना? मग झालं."

लोकांची तोंडं त्या दिवसापासून बंद झाली असं नाही. तोंडं बंद होत नसतात. पण कामगंधा म्हटलं की आता बायकांना वच्छलेआधी मामी आठवायची, आणि त्यात काही मजा उरली नव्हती. पुढे दोनचार वर्षं वच्छला ते सापळे बघत होती, शेजारच्या गावातूनही तिला बोलावणं यायचं. तोवर तेच नाव हाक मारायलाच वापरलं जाऊ लागलं, आणि तीही ओ द्यायची. मामीच्या लुगड्याचा वास बरेच दिवस गेला नाही. पहाटे तुळशीला पाणी घालताना पाखरू आलं की ती माशी हाकलावी तसा हात हलवायची आणि पुढचा श्लोक म्हणायची.

मी त्या रबराचा विचार पुष्कळदा केला आहे. माणसाच्या नाकाला ज्याचा पत्ता लागत नाही असा वास, आणि तरी कापडातून जात नाही. औषधाचा वास जात नसे तो भीतीचा. हा वेगळा होता. वच्छला पहाटे वावरातून यायची तेव्हा तिच्या अंगाला दवाचा, पानांचा आणि घामाचा वास असायचा, एवढं मला नक्की कळायचं. साहेब त्या दिवशी लाजून "तसंच समजा" म्हणाला. मी अजून तसंच समजते. देवळातला अर्थ बुवांनी ठेवून घ्यावा.

त्या पहाटे वच्छला विहिरीवर नव्हती. आम्ही परत आलो तेव्हा ती चूल पेटवत होती. तिकडे काय झालं ते मामीनं तिला सांगितलं नाही, मलाही डोळ्यांनीच गप्प केलं. घागर उतरवली. रात्रीची भाकर आणि ठेचा एका फडक्यात बांधला. कणगीमागून डबा आणला, आपल्याजवळचं रबर त्यात टाकून झाकण लावलं, आणि तो फडक्यावर ठेवला. मग चुलीपाशी वाकली, माझ्या हाताजवळचा चिमटा उचलला आणि तोही वर ठेवला.

"जाय," ती लेकीला म्हणाली. "काम पडून हाय."

वच्छला उठली, सगळं उचललं आणि गेली. पातळाचा ओचा कसून, जरा पळतच.

त्या दिवशी मी भाकरी निखाऱ्यावर बोटांनी फिरवल्या. दोन बोटं चांगली पोळली, त्या रागात वरणात मीठ किती पडलं ते पाहिलं नाही. दुपारी वच्छला वावरातून आली. हातपाय धुतले, ताटावर बसली, पहिला घास घेतला आणि थांबली.

"वैनी," ती म्हणाली, "मीठ लई झालं."